धुक्यातला किडा आणि तुझी झुडपं

प्रिय ख्रिस्टोफिना,

नवरा गेल्यावर तू वॉल्विस बेला मुलीकडे राहायला गेलीस, तेव्हापासून आज पहिल्यांदाच तुला लिहितोय. लिहिण्याचा मला कंटाळा, तुला माहीतच आहे. पण या आठवड्यात दाट धुकं पडलं आणि ते काळे किडे पुन्हा वाळूच्या टेकाडावर चढले. वाळूत गाडून घेतलेल्या त्या प्राण्याला कळतं कसं गं, की समुद्राकडून धुकं येतंय? आम्हाला अंथरुणातून उठल्यावर कळतं. हा त्याआधीच माथ्यावर, डोकं खाली आणि ढुंगण वर! पाठीवर धुक्याचे थेंब धरतात, घरंगळत तोंडाशी येतात आणि पठ्ठ्या जागचा न हलता पाणी पितो. एकाला मी मुद्दाम उचलून खाली ठेवला. माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो पुन्हा चढायला लागला. मग मीही त्याच्यामागं. शेजारीण आल्मा शेळ्या सोडता सोडता ओरडली, "थिओफिलस, बायको गेल्यापासून भाकरी भाजायचा आळस करतोस, आणि किड्यामागं टेकाड चढतोस होय रे?"

बाकी, वाळूतल्या काटेरी झुडपांवर नारा पिकलाय. तू गेल्यापासून तुझ्या झुडपांची फळं कुणी तोडली नाहीत. यंदाही तोडायला आली नाहीस तर ती झुडपं आपल्याला मिळावीत, असं तुझा भाऊ अब्सालोम सगळ्यांना सांगत फिरतोय. मला ते ऐकवत नाही.

तर किड्यामागं जाता जाता मी धुक्यात पलीकडच्या अंगाला उतरलो. माझंच झुडूप समजून काठीनं फळं टोचून पाहिली, पिकलेली पोत्यात भरली. धुकं विरलं तर समोर अब्सालोम! "म्हातारपणी चोरी सुचली का रे? हे ख्रिस्टोफिनाचं झुडूप आहे." मी पोतं त्याच्यापुढं ठेवलं. "मला कशाला देतोस?" तो म्हणाला. "अजून मालकीण ती आहे. तिला लिही, माफी माग. न विचारता तिच्या झुडपाला हात लावायला तू काय तिचा नवरा आहेस?"

तो रागानं बोलला, पण त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. माफी मागतोच, पण हे पत्र त्यासाठी नाही. घर खायला उठतं आणि तुझी फार आठवण येते. माझ्याशी लग्न करशील का? हो म्हणालीस तर गाढवगाडी घेऊन न्यायला येतो. नाही म्हणालीस, तरी तुझी झुडपं राखायला ये. मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही. पोतं तुझ्या बंद घराच्या दाराशी ठेवलंय. फळं फार दिवस टिकायची नाहीत, तेव्हा जे असेल ते लवकर कळव.

तू म्हणशील तर तुझाच,
थिओफिलस