दुपारचा ठिपका

मळा, ता. श्रीगोंदा
दि. ५ जानेवारी २०२५

चि. अमृत यास बापूंचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितलेलं यंत्र डुकरांच्या गोठ्यात बसवून झालं. नराच्या कोंडीला छोटी खिडकी ठेवली आणि वर तो काळा डबा लावला. माद्यांच्या कानात बिल्ले मारले. माजावर आलेली मादी नराच्या वासानं खिडकीशी घुटमळते, डबा तिचा बिल्ला ओळखतो आणि तुझ्या-माझ्या मोबाईलवर लाल ठिपका येतो, एवढं मला समजलं. माणसांची लग्नं जमवायला असला डबा निघाला तर पहिला नंबर तुझा लावीन.

तुझी आई आहे तशीच आहे. तू डुकरं आणलीस तेव्हा, या गोठ्यात पाय ठेवला तर नावाची बनुबाई नाही, असं म्हणाली होती. त्याच भांडणात तू डेन्मार्कला डुकरांच्याच फार्मवर निघून गेलास आणि तिनं तुझ्याशी बोलणं टाकलं. अजून फोन वाजला की उठून परसात जाते. पत्र आलं की मात्र चुलीपासून हलत नाही. म्हणून तर आपण ही जुनी रीत धरलीय. मी पाकीट फोडतो आणि मोठ्यानं वाचतो, ती भाकरी थापते. परवा ‘मला ताप होता’ असं तू लिहिलेलं आलं आणि तव्यावरची भाकरी करपली. मी ती तशीच खाल्ली.

अंगाला जप. पत्र लांबवू नकोस, वाट बघणारा मी एकटा नाही.

तुझे बापू, रंगनाथ


डेन्मार्क
दि. २६ जानेवारी २०२५

ती. बापूंना अमृतचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. ताप कधीच गेला. तिकडे आता हुरड्याचे दिवस असतील. इथे सगळीकडे बर्फ आणि चिखल. मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी बसतो आणि आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आठवतो. आठवून पोट भरत नाही, पण सवय सुटत नाही.

कामाचं एक लिहितो. आपल्या गंगी डुकरिणीचा ठिपका रोज सकाळी येतोय. मादी तीन आठवड्यांनी एकदा माजावर येते, ही रोज कशी येईल? एकदा डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पाठीवर हात दाबल्यावर ती दगडासारखी उभी राहिली तरच कृत्रिम रेतन करायला सांगा. नाहीतर यंत्रात बिघाड आहे असं समजू.

आईची तब्येत कशी आहे? ती ऐकत असेल म्हणून जास्त लिहीत नाही, आणि ती ऐकत असेल म्हणूनच विचारतो.

माया आहे तशी असू द्यावी.

आपला, अमृत


मळा, ता. श्रीगोंदा
दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. अमृत यास आशीर्वाद.

हे पत्र सोसायटीच्या ओट्यावर बसून लिहितोय, घरी लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर आले. त्यांनी पाठीवर हात ठेवला तशी गंगी केकाटत पळाली आणि बादलीसकट त्यांना लोळवलं. उठून म्हणाले, रंगनाथराव, हिला नवरा नको, न्याहारी पाहिजे. मग ही खिडकीशी कशाला जाते ते बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी मी उसाच्या वाढ्यांच्या ढिगाआड थांबलो.

तुझी आई आली रे. पोपटी लुगडं नेसलेली, लग्नकार्यात नेसते ते. पदरात उसाची कांडकी. ती खिडकीशी टाकली, गंगी येऊन चघळत बसली आणि ही डब्याकडं तोंड करून उभी राहिली. एकदा पदर नीट केला. एकदा हसली. डबा बसवणाऱ्या माणसानं तिच्यादेखत सांगितलं होतं की अमृतला तिकडं सगळं दिसतं. सोसायटीच्या दारावर कॅमेरा आहे तसलाच हा आणि डुकरीण जवळ आली की चालू होतो, असं तिनं धरलं असणार. ज्या गोठ्यात पाय ठेवणार नव्हती, तिथं रोज तुला तोंड दाखवायला जाते.

मला भरून आलं. मी ढिगामागून हललो नाही. त्या माणसाचं खरं असेल तर तुला ती दिसतच असणार, मग मला कळवलं का नाहीस?

लोभ ठेव आणि लवकर लिही.

बापू


डेन्मार्क
दि. ९ मार्च २०२५

ती. बापूंना शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी ओसरली. फार्मवर नवी पिल्लं झाली आहेत. आईला सांगा, मी वेळेवर जेवतो.

(हे दुसरं पान आईला वाचून दाखवू नका.)

बापू, मला काही दिसत नाही. तो कॅमेरा नाहीच. तो डबा फक्त कानातला बिल्ला ओळखतो. माझ्याकडे नुसता ठिपका येतो. मी झोपेतून उठायचो, गंगीचा ठिपका बघायचो आणि बिघाड समजून पुसून टाकायचो. आई लुगडं नेसून माझ्यापुढे उभी राहत होती आणि मी तिला रोज पुसत होतो. तुमचं पत्र वाचून गोठ्यात जाऊन रडलो. तिला हे कळू देऊ नका. मी खरा कॅमेरा पाठवतो, तोवर तिला उभी राहू द्या.

आपला, अमृत


मळा, ता. श्रीगोंदा
दि. ३० मार्च २०२५

चि. अमृतला आईचा आशीर्वाद.

तुज्या बापानं पाकीट फोडलं आन नेहमीसारखे सुटले वाचत. ‘आईला वाचून दाखवू नका’ हेबी खड्या आवाजात वाचलं. मंग गपकन थांबले. मी म्हनले, आता कशाला थांबता, वाचा पुढं.

आधी लई लाज वाटली. डुकरांनीच माजं लुगडं बघितलं म्हनायचं. मंग वाईट वाटलं, लई वाटलं. खोटं कशाला लिवू. पर तू रडला हे आयकलं आन माजा सगळा राग गेला बाबा. गोठ्यात पाय ठेवला हाय, आता माजं नाव काय बदलायचं ते तू येऊन ठरीव.

कॅमेरा धाडू नगं. माजं तोंड बघायचं आसंल तर हितं येऊन बघ. तुजं तोंड बघितल्याबिगर मला चैन न्हाई. कवा येतो ते लिव.

डाक्टर म्हनले, सकाळचा येळ गंगीच्या माजाची खूण बघायचा, त्यात लुडबुड करू नका. म्हनून आता मी दुपारच्याला जाते. हितली दुपार म्हंजी तुजी सकाळ, कामावर निघायचा येळ. कांडकं टाकते, गंगी येती, डबा तुला ठिपका धाडतो.

आमच्यावर माया ठीव, पोटाला खात जा. आन दुपारचा ठिपका पुसू नगं. त्यो गंगीचा न्हाई.

तुजी आई, बनुबाई