नुसता हातभार

३ मार्च

ति. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला बसले की अक्षर वेडंवाकडं यायचं आणि ते बघून तुला वाटलं असतं की मी आजारी आहे. मी ठणठणीत आहे, ताई, पण संतापाने माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

आमच्या कवळ्यांच्या लॅबमधला लंबू तुला आठवत असेल. कामाला लागला तेव्हा त्याला वरची कवळी कुठली आणि खालची कुठली हेही धड कळत नव्हतं. मेणात दात कसे बसवायचे, माणसाचं वय आणि चेहऱ्याचा रंग पाहून दातांचा पिवळेपणा कसा जुळवायचा, हे सगळं मी त्याला माझ्या टेबलाशी बसवून शिकवलं. माणूस गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तर गेल्या आठवड्यात तो लाजत लाजत आला आणि म्हणाला की मोटारसायकलसाठी कर्ज काढतोय, जामीन राहाल का. जिने शिकवलं तिचा पगार आपल्याहून जास्तच असणार, असं तो धरून चालला होता. मीही तेच धरून चालले होते.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी दोघांचे पगाराचे कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला आणि अगदी हळू आवाजात मला सांगितलं की जामीनदाराचा पगार निदान कर्जदाराइतका तरी लागतो, तुमचा चालणार नाही. त्याचा पगार माझ्या दीडपट आहे. त्याच्या कागदावर 'दंततंत्रज्ञ' आहे आणि माझ्या कागदावर 'मदतनीस'. मी प्लास्टर कालवायला लागले तेव्हा कुणीतरी लिहिलेला शब्द, तो तसाच राहिलाय. परतीच्या वाटेवर लंबू बिचारा दोन पावलं मागूनच चालत होता.

मी तशीच मालकांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि लहान मुलीला समजवावं तसं समजावलं की पुरुषाला घर चालवायचं असतं, बायकांचा काय, हातभार असतो. कुठलं घर चालवतो लंबू? त्याचं लग्न व्हायचंय आणि जेवतो आईच्या हातचं. आणि इकडे छापखाना बंद पडल्यापासून आमचा हा घरी बसलाय, घरभाडं, पोरीची फी, किराणा सगळं त्या हातभारावर चाललंय. हे मी मालकांना सांगितलं नाही. नवऱ्याची नोकरी गेली की माझे दात जास्त चांगले बसतात का, म्हणून सांगायचं?

भावोजींना नमस्कार. या पत्रातला राग तुझ्यावर नाही, तेव्हा तुझा लोभ आहे तिथेच राहू दे.

तुझी,
ठकी

११ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मीही दात-ओठ खाल्ले, आणि माझे अजून स्वतःचे आहेत बरं का. तुझ्या मालकांना एकदा आमच्या वॉर्डात आणायला हवं होतं. इंजेक्शनची सुई जरा बोथट निवडली असती.

पण ठके, तुझ्या नाकावरचा राग मी लहानपणापासून ओळखते. सध्या जरा दमाने घे. दिवस वाईट आहेत. मेहुणे घरी, नवीन कामाचा पत्ता नाही. अशा वेळी तुझा हातभार आहे म्हणून संसार उभा आहे, तोच गेला तर काय करशील? मालकांना घरची अडचण मोकळेपणाने सांग, त्यांनाही मन असेलच की. आणि स्वतःचं घर बांधायला साठवताय त्याला हात लावू नका. मी यांच्याशी बोलून माझ्या निवृत्तीच्या पैशातले थोडे तुला पाठवते. उभा जन्म वॉर्डात पाय झिजवले, ते बहिणीच्या कामी नाही आले तर काय उपयोग? पैशाअडक्याचं सगळं हेच बघतात, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण विचारते.

पोरीचा खोकला कसा आहे ते लिही. तिला पापा, तुला आशीर्वाद आणि वर एक टपली.

तुझी,
ताई

२० मार्च

ति. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

टपली पोचली. पण आता तूही ऐकून घे. तूसुद्धा तोच शब्द लिहिलास. मालकांनी म्हटलं तेव्हा अंगाची लाही झाली होती, तुझ्या अक्षरात वाचून रडू आलं. ज्या पैशावर घर चालतं त्याला हातभार कसं म्हणतात ग? मग भार कोण उचलतंय?

तरी तुझं ऐकलं. मालकांना घरची अडचण सांगितली. त्यांचा चेहरा एकदम कनवाळू झाला. म्हणाले, आधी का नाही बोललात, तुमच्या मिस्टरांना काम लागेपर्यंत दरमहा थोडी जास्तीची मदत देत जाईन. काम लागलं की मदत बंद. म्हणजे याला नोकरी लागली की माझ्या हातातली कला कमी होणार. मी सांगितलं की मदत नको, पगार हवा. तर म्हणाले, उपकाराची जाण नाही.

घरी येऊन याला सगळं सांगितलं. मग त्यानेच विषय काढला. घराचं स्वप्न आम्ही सध्या खाली ठेवलंय, ताई. फार जड झालं होतं. जे साठलंय ते आता विटा-सिमेंटसाठी नाही, काही महिने कुणापुढे मान न तुकवता जेवता यावं म्हणून आहे. आणि त्यातलं अर्धं माझ्या एकटीच्या नावावर ठेवलंय. हे त्यानेच सुचवलं, उगाच त्याला नावं ठेवू नकोस.

आता पोटाला आधार आहे म्हणून मी एक ठरवलंय. माझा कागद मला मदतनीस म्हणतो ना, मग सोमवारपासून मी मदतनीसच. प्लास्टर कालवीन, साचे धुवीन, टेबलं पुसीन. दाताला हात लावणार नाही. नोकरी जाईलही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

तुझी माया आटली तर मात्र माझं काही खरं नाही, म्हणून ती तेवढी सांभाळ.

ठकी

२ एप्रिल

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पैसे पाठवते असं लिहिलं होतं. पाठवू शकत नाही.

यांना विचारलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, बघून सांगतो. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तर हसले आणि म्हणाले, तुला कशाला ती डोकेदुखी. शेवटी मी स्वतः कपाट उघडलं. माझी निवृत्तीची सगळी रक्कम यांच्या एकट्याच्या नावावर ठेवलेली आहे. सही मीच केली होती, कशावर करतेय ते न वाचता. पेन्शनही जोडखात्यात जाते आणि ते खातं हेच चालवतात. मी विचारलं, असं का, तर म्हणाले, आपल्यात तुझं-माझं कधी होतं? नव्हतंच, ठके. सगळं यांचंच होतं.

हे वाईट नाहीत, तुला माहीत आहे. मला कधी काही कमी पडू दिलं नाही. पण माझ्याच कमाईतून मला कमी पडू दिलं नाही, हे मला आजवर सुचलं नव्हतं. रात्रपाळ्या मी केल्या, सणवार सोडून, तापाने फणफणलेलं लेकरू शेजाऱ्यांकडे ठेवून. आणि बहिणीला चार पैसे द्यायला परवानगी मागायची, ती मिळायची नाही. तुला हातभार लिहिलं तो शब्द मी घरातच शिकले होते. हे चारचौघांत नेहमी म्हणतात, हिच्या नोकरीचा हातभार झाला. मी मान डोलवायचे.

तुझं काय झालं ते लगेच लिही. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
ताई

२४ एप्रिल

ति. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी तुझं. बँकेत जा. पेन्शन तुझी आहे, ती कुठल्या खात्यात पडावी हे तूच सांगायचं. अर्ज वाचून सही कर, एवढंच सांगते, मोठेपणा करत नाही.

आता माझं. दोन आठवडे मी इमानेइतबारे प्लास्टर कालवलं. पुढचे दात बसवायचं माझं काम लंबूकडे गेलं. एका निवृत्त निवेदकांची कवळी परत आली, कारण ती लावून 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. मग आणखी दोन आल्या. मालक तरातरा खाली आले. मी म्हटलं, मदतनीसाने दाताला हात कसा लावायचा. ते ओरडले की उद्यापासून येऊ नका. मी डबा उचलला. तेव्हा लंबू उभा राहिला आणि म्हणाला की पुढचे दात मला येत नाहीत, आजवर माझ्या नावावर गेलेले बाईंनी सरळ करून दिलेले होते. सगळ्यांसमोर म्हणाला. मालक आल्या पावली वर गेले.

मी तशीच घरी आले. चार दिवसांनी मालकांचा निरोप आला. तोवर याला एका खोक्यांच्या कारखान्यात काम लागलं होतं आणि ते मालकांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, आता तुमची अडचण मिटली, मग हट्ट कशाला. मी म्हटलं, नवऱ्याचं सोडा, दातांचं बोला. शेवटी कागद बदलला. दंततंत्रज्ञ, आणि लंबूइतकाच पगार. मागच्या वर्षांचं काय विचारलं तर त्यांना खोकला आला. ते मी विसरणार नाही, आणि त्यांनाही विसरू देणार नाही.

काल त्याच बँकेतल्या बाईंसमोर जामीन म्हणून सही केली. हप्ते चुकवलेस तर तुझे दात मी बसवीन, असं लंबूला सांगून ठेवलंय.

तुझ्या पत्राची वाट बघते, आशीर्वाद भरपूर घाल.

ठकी

६ मे

चि. ठकीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

बँकेत गेले. पहिल्या ड्यूटीच्या दिवशी झाली होती तशी धाकधूक झाली. अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला, मागे रांग चुळबुळत होती, तरी वाचला. या महिन्यापासून पेन्शन माझ्या खात्यात येईल. निवृत्तीच्या रकमेचं भांडण अजून चालू आहे आणि मी ते सोडणार नाही. तुला आता गरज नाही म्हणशील, तरी पोरीच्या फीसाठी थोडे पाठवलेत. कुणालाही न विचारता पाठवलेत, म्हणून परत करू नकोस.

घरी येऊन यांना सांगितलं. पहिल्यांदाच यांनी पेपर खाली ठेवला. विचारलं की आता घर कसं चालायचं. मी म्हटलं, इतकी वर्षं चालवलंत तसंच चालवा. माझा हातभार असेलच.

तुझी,
ताई