दादाच्या पॅनवर

४ नोव्हेंबर २०२५
पुन्हा कापले! मसाल्याच्या कंपनीनं एका व्हिडिओचे चाळीस हजार ठरवले आणि पाठवले छत्तीस. कारण काय तर टॅक्स! चुलीपुढं धूर मी खायचा, मोबाईलपुढं घसा मी कोरडा करायचा, खाली लोकांच्या घाण कमेंटी मी वाचायच्या. आणि सरकार आयतं बसून दहा टक्के नेणार!

६ नोव्हेंबर
स्कूटीच्या कर्जासाठी केजला बँकेत गेले. ‘रिटर्न भरता का?’ साहेबांचा पहिला प्रश्न. म्हटलं, दर वेळी कापतातच की! ‘कुणाच्या पॅनवर?’ अनिलदादाच्या. चॅनेल काढलं तेव्हा माझ्या कार्डावर जन्मतारीख चुकलेली, म्हणून खातं भावाचं दिलं. कार्ड दुरुस्त होऊन दोन वर्षं झाली, पैसे अजून त्याच्याच खात्यात जातात. मला महिन्याला सहा हजार देतो.
‘मग कागदावर तुमचं उत्पन्न शून्य.’
तीन लाख लोक मला बघतात — आणि शून्य!

७ नोव्हेंबर
आसारामकाका गावातल्या सगळ्यांचे रिटर्न भरतात. त्यांच्यापुढं जाऊन तावातावानं बोलले. ते चष्मा पुसत म्हणाले, ‘पोरी, सरकारला कशाला शिव्या देतीस? एवढ्या कमाईवर टॅक्स बसतच न्हाई. गेल्या साली कापलेलं समदं परत आलं, सप्टेंबरातच.’
कुणाला?
‘ज्याचं पॅन त्याला.’
एकतीस हजार! वर्षभर उगाच सरकारच्या नावानं बोटं मोडली. दादाच्या हातात नवा मोबाईल दिसला तेव्हा ‘भारी आहे रे’ असं मीच म्हणाले होते. मूर्ख मी!
काका म्हणाले, ‘काम तुजं तर कमाई तुजी. डिसेंबर सरायच्या आत दोघांचे कागद नीट करा, रिटर्न सुधारायची मुदत तवरच हाय.’

घरी दादा उलट माझ्यावरच — ‘पैसे घरातच हायेत ना, चैते? मोबाईल मी धरतो, ते काम न्हाई व्हय?’
आप्पांनी खरं काय ते सांगितलं. ‘त्याचं लगीन होऊ दे. पोरीकडच्या पाव्हण्यांना, पाली गावाला, तेच रिटर्न दाखवलंय. आता बदललं तर पोरगं बेकार दिसंल.’
म्हणजे माझा घाम त्याच्या बायोडेटावर! रडले. दुःखानं नाही, संतापानं.

८ नोव्हेंबर
चूल पेटवलीच नाही. आई म्हणाली, ‘आज मोबाईलम्होरं बोलायचं न्हाई का गं?’ म्हटलं, दादाला बोलू दे. कमाई त्याची आहे.

९ नोव्हेंबर
बोलला की! इरेला पेटून स्वतःच पिठलं केलं आणि चॅनेलवर टाकलं. गुठळ्याच गुठळ्या. हळद विसरला. तीन वेळा ‘तर मंडळी’ म्हणाला आणि पुढं काही सुचेना. लोकांची एकच कमेंट — ताई कुठंय?
हसू आलं, पण राग गेलेला नाही. जाणारही नाही.

१२ नोव्हेंबर
दादाच्या होणाऱ्या बायकोचा, पंचशीलाचा फोन. पहिल्यांदाच. मी भाकरी थापत होते, स्पीकर लावला.
‘ताई, रविवारचं पिठलं बघितलं. तवाच कळलं, कमाई कुणाची हाय ते. घाबरू नका, लगीन मोडत न्हाई मी. पण आदी कागद खरे करा म्हणावं, मंग तारीख धरा.’
दादा दारातच उभा होता. आता कपाट उपसून पॅनकार्ड शोधतोय. माझं.