दर दहा मिनिटांनी डोंगर

लीड्स,
९ जानेवारी

प्रिय लता,
सप्रेम जयभीम.

तुला कॉव्हेंट्रीला जाऊन आज बारा दिवस झाले आणि नात जन्मून पाच. फोनवर मी दोन वाक्यं बोलून ठेवतो, ही तुझी चाळीस वर्षांची तक्रार. म्हणून कागद घेऊन बसलो. लग्नानंतर तू नागपूरला आणि मी इथे, त्या दोन वर्षांत जेवढी पत्रं लिहिली तेवढी पुन्हा कधी लिहिली नाहीत. आता तू लेकीच्या बाळंतपणाला गेली आहेस, मोटरवेने अडीच तासांवर, तरी घर खायला उठतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगायचं राहणार नाही.

भावनाची तब्येत कशी आहे? बाळ कोणावर गेलंय? सम्यकने पाठवलेल्या फोटोत नाक आपल्याकडचं दिसतं, पण त्याला, म्हणजे जावईबापूंना, वाईट वाटेल म्हणून मी काही बोललो नाही.

इकडची बातमी चांगली नाही. रविवारी स्की क्लबची मीटिंग झाली. आपल्या पेनाइन्समधल्या डोंगरावरची लिफ्ट या सीझननंतर कायमची बंद होणार. इंजिनाचे पार्ट मिळत नाहीत आणि बर्फ आता वर्षातून चार-पाच दिवस पडतो. एप्रिलमध्ये खांब काढतील. बस डेपोतून रिटायर झालो त्या वर्षी फक्त ते इंजिन दुरुस्त करायला म्हणून गेलो होतो, आठवतं ना? तिथे कोणीतरी पायांत स्की अडकवल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी लहान पोरासारखा पडायला शिकलो.

बारा वर्षांत तू एकदाही आली नाहीस. तुझ्यासाठी घेतलेला तो मरून कोट डोंगराखालच्या क्लबच्या शेडमध्ये खुंटीवर तसाच आहे, तुझ्या नावाच्या पट्टीखाली. दर सीझनला मी तो झटकतो आणि परत अडकवतो. लता, यंदा एकदाच ये. मला उतरताना बघ. नंतर बघायला काही उरणार नाही.

भावना, सम्यकला जयभीम. बाळाला पापा. लोभ आहेच, फक्त तो कॉव्हेंट्रीला सगळा वाटून टाकू नकोस.

तुझा,
भीमराव

*

कॉव्हेंट्री,
१७ जानेवारी

भावनाच्या बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र मिळालं. पाकिटावरचं तुमचं अक्षर बघून मी ते आधी ओट्यावर ठेवलं, बाळाची आंघोळ उरकली, आणि मग दार लावून वाचलं. भावना हसत होती. हसू दे बापडी, तेवढंच.

आम्ही सगळे खुशाल आहोत. सिझेरियनचा टाका सुकत आलाय. डिंकाचे लाडू केलेत, त्यातले आठ वेगळ्या डब्यात पोस्टाने पाठवते. ते बाळंतिणीचे आहेत, तुमचे नाहीत, हे लक्षात ठेवून रोज एकच खा. सम्यक फार गुणी. मी काही म्हटलं की हो आई, तुम्ही फोनवर काही म्हटलं की हो बाबा. मोठ्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणजे नाही. परवा मी खिचडीत मीठ कमी म्हणाले आणि तुम्ही फोनवर मीठ कमी खा म्हणालात, तर बिचारा बरणी हातात धरून उभाच राहिला.

आता डोंगराचं. मी का येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. सव्वीस वर्षं मी ऑर्थोपेडिक वॉर्डात काढली. हिवाळ्यात बर्फावरून घसरलेली माणसं ट्रॉलीवरून यायची, आणि त्यातल्या प्रत्येक साठीच्या माणसाचा चेहरा मला तुमच्यासारखा दिसायचा. तुम्ही स्की घ्यायला लागल्यापासून तर जास्तच. म्हातारचळ म्हणून मी तुमची थट्टा करत आले, पण खरं तर भीती वाटायची. तुम्ही पडताना मला बघायचं नव्हतं.

पण लिफ्ट जाणार हे वाचून वाईट वाटलं. तुम्ही शनिवारी संध्याकाळी नाक लाल करून घरी यायचात आणि आठवडाभर खुशीत असायचात. ते मला बघायचं राहून गेलं, म्हणजे तुम्ही कशाने एवढे खूश व्हायचात ते. बाळाचा सव्वा महिना अकरा फेब्रुवारीला पुरा होतो. तोवर मी बाळंतिणीला सोडून हलणार नाही. त्यानंतरच्या शनिवारी मी येते. शब्द दिला.

कचऱ्याचा हिरवा बिन पंधरा दिवसांनी बाहेर ठेवायचा, काळा दर आठवड्याला. शेजारच्यांना विचारू नका, लाज आणता.

माया आहे तशी राहू द्या. लाडू मोजून खा.

तुमची,
लता

*

लीड्स,
२८ जानेवारी

प्रिय लता,
सप्रेम जयभीम.

बर्फ पडला! शुक्रवारी सकाळी क्लबचा मेसेज आला आणि मी हातातला चहा तसाच ठेवून निघालो. तीन दिवस मिळाले. शेडचं दार फावड्याने मोकळं करावं लागलं, इंजिन चौथ्या झटक्याला सुरू झालं, आणि मी त्याला तुझ्या भाषेत काय काय बोललो ते लिहीत नाही.

तुला लिफ्ट कशी असते ते माहीत नाही म्हणून सांगतो. पाळणा वगैरे नाही. वरच्या दोरीला एक दांडा लटकतो, त्याच्या टोकाला बशीएवढी ताटली. ती मांड्यांमध्ये धरायची आणि उभ्याउभ्या ओढत वर जायचं. तीन मिनिटं लागतात. वर गेल्यावर वारा इतका, की डोळ्यांतून पाणी येतं. खाली शेड, गाड्या, मेंढ्यांच्या भिंती. मग गुडघे वाकवायचे आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर द्यायचं. लता, तेवढं दीड मिनिट मी सत्तर वर्षांचा नसतो. ना मेकॅनिक, ना बाप, ना कोणी. आणि खाली पोचलो की दर वेळी शेडकडे बघतो, कोणी बघत होतं का म्हणून. ती सवय काही जात नाही.

तीन दिवसांत एकदाच पडलो, तेही उभा असताना. आपल्या विहारातली अरुणा या वर्षी पहिल्यांदा वरून उतरली. साठाव्या वर्षी. आनंदाने रडली.

हो, एक गंमत. क्लबच्या पानावर डोंगराचा कॅमेरा आहे. भावनाच्या फोनवर बघ. केशरी जॅकेट म्हणजे मी. रविवारी रात्रीपासून पाऊस लागलाय, सगळं वाहून गेलं. पण अजून फेब्रुवारी आहे. अकरा तारखेनंतरच्या शनिवारवर माझी खूण केलेली आहे.

लाडू संपले. कसे संपले माहीत नाही. लोभ वाढवलास तरी चालेल.

तुझा,
भीमराव

*

कॉव्हेंट्री,
६ फेब्रुवारी

भावनाच्या बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचा कॅमेरा बघितला. पत्र यायच्या आधीच, म्हणजे त्या शनिवारीच, सम्यकने दाखवला होता. भावना बाळाला पाजत होती आणि मी शेजारी फोन धरून. दर दहा मिनिटांनी एक चित्र येतं. एका चित्रात केशरी ठिपका वर. पुढच्या चित्रात खाली. त्याच्या पुढच्यात परत वर. दुपारपर्यंत मी बघत राहिले आणि तुम्ही उतरताना एकदाही सापडला नाहीत. वर आहात, खाली आहात, मधले नाहीतच. खाली दिसलात की हुश्श करायचं आणि परत वाट बघायची. वरण करपलं.

आता जे लिहायला जमत नाही ते लिहिते. ठरल्या शनिवारी मी येऊ शकत नाही.

भावना बरी नाही. शरीराने बरी आहे. पण बाळ झोपलं तरी ती झोपत नाही, भिंतीकडे बघत राहते, आणि विचारलं तर आय ॲम फाइन म्हणते. हेल्थ व्हिजिटर नर्स घरी येऊन बघून गेली, जीपी डॉक्टरांनी औषध दिलंय, वेळ लागेल म्हणाले. काल मी नुसतं सुटकेसमधून शाल काढली तर ती दारात उभी राहून म्हणाली की आई, तू जाणार का, आणि तिचे ओठ चार वर्षांची असताना थरथरायचे तसे थरथरले. तिला इथे टाकून मी कोणता डोंगर बघू?

शब्द दिला होता तो मोडते आहे. रागावा, पण माझ्यावर रागावा, तिच्यावर नको. तिला हे कळू देऊ नका.

बाळाचं नाव अन्वी ठेवायचं ठरलं. माया असू द्या, आता तर हवीच आहे.

तुमची,
लता

*

लीड्स,
१५ फेब्रुवारी

प्रिय लता,
सप्रेम जयभीम.

भावनाजवळ थांब. तेच बरोबर आहे. मी काय, म्हातारा माणूस.

बर्फ नाही. कॅमेऱ्यात नुसतं गवत दिसेल, बघू नकोस. मार्चचा दुसरा शनिवार शेवटचा दिवस धरलाय, बर्फ असला तर लिफ्ट चालवून, नसला तर चहा पिऊन.

बिन बरोबर ठेवला.

भीमराव

*

कॉव्हेंट्री,
२ मार्च

भावनाच्या बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं सहा ओळींचं पत्र मी सहा वेळा वाचलं. म्हातारा माणूस म्हणे! रुसलात की तुम्ही आधी वय काढता. नागपूरला असताना तुमचं असंच एक कार्ड आलं होतं, मी दिवाळीचा फराळ पाठवायला उशीर केला तेव्हा. ते अजून माझ्या कपाटात आहे.

भावनाचं जरा बरं आहे. काल आपणहून केस धुतले. मी मात्र थकले आहे, तुम्हाला नाही सांगणार तर कोणाला सांगणार. सगळ्यांना खाऊ घालते, झोपवते, आणि संध्याकाळी खिडकीशी बसले की वाटतं, आपल्या घरी आपल्या खुर्चीत बसावं आणि समोर तुम्ही पेपर वाचत घसा खाकरावा. ज्या खाकरण्यावरून मी इतकी वर्षं भांडले, त्याची आठवण येते. दोन महिने झाले हो. या वयात दोन महिने फार असतात.

हवामानात उत्तरेला बर्फ म्हणतायत. पडला तर शनिवारी डोंगरावर जा. माझ्यासाठी घरी बसू नका. मी कॅमेरा बघेन.

माया कमी करू नका. रुसवा केला तरी चालेल.

तुमची,
लता

*

कॉव्हेंट्री,
९ मार्च, रविवार

प्रिय लता,
सप्रेम जयभीम.

काल फोनवर आपण दोघं हसलोच जास्त, बोलणं काहीच झालं नाही. शिवाय तू सांगितलंस की खरं काय ते पत्रात लिही. लिहितो.

तुझं थकले आहे हे वाक्य वाचलं आणि मला माझी लाज वाटली. शुक्रवारी सकाळी क्लबचा मेसेज आला की गुडघाभर पडलाय. मी तो वाचला, फोन खिशात टाकला आणि गाडी दक्षिणेकडे काढली. डोंगर बारा वर्षं बघितला होता, तुला बघून दोन महिने झाले होते. सम्यकला तेवढं आदल्या दिवशी कळवलं, आईंना सांगू नकोस म्हणून. तो म्हणाला, हो बाबा.

दार त्यानेच उघडलं. बाळ खांद्यावर आणि चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा. तू सकाळच्या ट्रेनने लीड्सला निघून गेली होतीस, मला शेवटच्या दिवशी डोंगरावर गाठायचं म्हणून. त्याला सांगून, की बाबांना कळू देऊ नकोस. आणि त्याने तुलाही म्हटलं होतं, हो आई. मी विचारलं, अरे, मग एकाला तरी बोलायचंस! तर म्हणतो, दोघांनाही शब्द दिला होता, कोणाचा मोडू? लता, असा जावई आख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल. भावना मागून आली, सगळं ऐकलं, आणि हसली. पोट धरून हसली, टाका दुखतो म्हणत हसली. ते हसू ऐकायला मी शंभर डोंगर सोडले असते.

मी लगेच परत फिरणार होतो. तूच फोनवर म्हणालीस, की भावना हसली ना, मग तिथेच थांबा, मी अरुणाबरोबर जाते. मग मीही सम्यकसारखं म्हटलं, हो.

काल सकाळी नऊपासून अन्वीला छातीवर निजवून मी सोफ्यावर बसलो, समोर भावनाचा फोन. ती आत झोपली होती. खरी झोपली होती, चार तास. माझ्या छातीवर बाळ गप्प राहतं असा शोध लागलाय. सम्यक म्हणतो, मी इंजिनासारखा घरघरतो म्हणून.

दहाचं चित्र, नुसता बर्फ. दहा वाजून दहा मिनिटांनी दोन गाड्या. दहा वीसला शेडच्या दारात मरून ठिपका. बारा वर्षं जो कोट मी झटकून परत अडकवला, तो खुंटीवरून उतरून बर्फात उभा होता. हात वर. साडेदहाच्या चित्रात तू तिथेच, हात तसाच वर. दहा चाळीसलाही तसाच. चित्र कधी निघतं ते कळत नाही म्हणून तू वीस मिनिटं त्या वाऱ्यात हात वर करून उभी राहिलीस ना? मी इथे हात वर केला. अन्वी दचकली. तुला दिसणार नव्हता हे मला माहीत होतं.

मग तू दिसेनाशी झालीस. दहा पन्नासला नाही, अकराला नाही, अकरा दहालाही नाही.  तू ती बारा वर्षं काय सोसलंस ते मला त्या अर्ध्या तासात कळलं. अकरा वीसला मरून ठिपका डोंगराच्या माथ्यावर. अकरा तीसला खाली, शेडपाशी, बसलेला.

लता, तुझ्या गुडघ्यांनी त्या उतारावरून दहा मिनिटांत पायी खाली येणं शक्य नाही. मी तो उतार ओळखतो आणि तुझे गुडघेही. शेडमध्ये लहान मुलांची, बर्फावर बसून घसरायची निळी गाडी असते, तीही मी ओळखतो. अरुणाला फोन केला तर ती म्हणते, तुमच्या मंडळींनाच विचारा. तुला विचारलं तर तू म्हणालीस, पत्राची वाट बघा.

बघतो. भावनाला थोडी उभारी येईपर्यंत मी इथेच राहतो. तू आपल्या घरी, आपल्या खुर्चीत बस, झोप, आणि काळा बिन मंगळवारी ठेव. तू मला उतरताना बघावंस म्हणून मी जीव टाकत होतो, ते आता कधीच होणार नाही. लिफ्ट बंद झाली. त्याचं वाईट वाटतंय, खोटं का बोलू. पण बारा वर्षं खाली पोचल्यावर मी शेडकडे बघायचो, आणि काल शेडपाशी तू होतीस.

लोभ तिकडे आहे तेवढाच ठेव, मी येऊन मोजून घेईन. आणि अकरा वीस ते अकरा तीसमधलं सगळं लिही. काही गाळू नकोस. हसलीस का, ओरडलीस का, डोळे मिटलेस का. वर होतीस, खाली आलीस, एवढं मला दिसलं. मधलं तेवढं सांग.

तुझा,
भीमराव