सणसरच्या पारापाशी आपली मोटर

बारामती,
विजयादशमी, शके १८५८

चि. सौ. द्वारका हीस अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम. कुंडलिकरावांचा उजवा हात थोडा तरी हलू लागला का? त्यांच्या दुखण्याकडे घरात सर्वांचे चित्त लागलेले असते.

वर्षाचा हिशेब यंदा दिवाळीआधीच कळवतो. आपल्या भागीदारीच्या मंडळीच्या तीन धंद्यांपैकी गुळाच्या अडतीने चांगला हात दिला. तेलाच्या गिरणीने आपले पोट आपण भरले. उतारूंच्या मोटरीने मात्र अडतीची सारी मिळकत खाल्ली. श्रावणात मोडली ती दारातच उभी आहे. फलटणच्या एका व्यापाऱ्यास देऊन टाकावी म्हणतो. यंदा वाटा कोणासच नाही. मोटर कुंडलिकरावांनी मंडळीत घातलेली, तेव्हा त्यांच्या होकारावाचून हात लावणार नाही. लहानपणीसारखी रुसून उपाशी बसू नकोस.

मुलांना गोड पापा.

तुझा दादा,
सोपान

इंदापूर,
आश्विन वद्य ३

तीर्थरूप दादांस द्वारकेचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. लई येळ भिंतीकडं तोंड करून पडलं हुतं. मग म्हनालं, दादांचा जीव आपल्यापायी टांगनीला लागाय नको, दिऊन टाका म्हनावं. तवा आमचा होकार हाय. वाट्याचं मनाला लावून घिऊ नका. वहिनीला म्हनावं, तुमच्या हातच्या करंज्या मोटरीत भरून यायच्या, आता डोक्यावर घिऊन चालत या.

माया हाय तशीच राहू द्या.

द्वारका

इंदापूर,
आश्विन वद्य १२

दादांस नमस्कार.

चुलतनणंदेच्या लग्नाच्या सुपारीला सणसरला गेले हुते. पारापाशी आपली मोटर हुबी. रंग नवा, पन हॉर्न मी झोपेतबी वळखीन. मानसं टपावर बसल्याली. इब्राहिमभाई डायवर मला बघून खाली उतरला आन मान वर करंना. मी खोदून इचारलं तवा म्हनाला, मोटर कधी मोडलीच न्हवती. दसऱ्याला तुमच्या जावयानं, मोहनरावांनी नारळ फोडून ती आपल्या नावावर केली. सणसरातनंच माघारी फिरायचं, इंदापुरात पाय घालायचा न्हाय, असा तुमचा हुकूम हाय. कुंडलिकरावांच्या कानावर हॉर्न जायला नको म्हून.

जावयाला मोटर दिली, दिऊन मोकळं झाला. मग आमचा होकार कशाला मागितला?

द्वारका

बारामती,
आश्विन वद्य १४

चि. सौ. द्वारका हीस आशीर्वाद.

ड्रायव्हरच्या तोंडावर विश्वास ठेवून थोरल्या भावास जाब विचारतेस? बरे, खरे तेच. मोहनरावांनी रतनला माहेरी धाडायची भाषा केली होती. लेकीचा संसार मोडू देऊ? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मोटर हवी तरी कशाला? घरातली वस्तू घरातच राहिली. भाऊबीजेस येतो, समक्ष बोलू. राग सोड.

सोपान

इंदापूर,
कार्तिक शुद्ध ३

राजमान्य राजश्री सोपानराव यांसी.

तुमी काल आला तवा दार लावल्यालं हुतं. मी आतच हुते. तुमच्या हाका आयकल्या.

रतनचं दुख मला सांगितलं असतं तर मोटर ह्यांनीच तिच्या वटीत घातली असती. तुमी मागितली न्हाय, लबाडीनं न्हेली. अडतीतनं आन गिरनीतनं आमचा भाग येगळा करा. सणसरात पंच बसत्याल. इब्राहिमभाई नोकरी सोडून साक्षीला येनार हाय.

तुमी गेल्यावर ह्यांनी इचारलं, दादा आलं न्हवतं का? मी सारं सांगितलं. उठून बसलं, आन डाव्या हातानं ओवाळायचा पाट अंगनाच्या बाजूला सरकवला. काल मी चंद्राला ओवाळलं.

द्वारका कुंडलिक