अण्णांचं दुपारचं आकाश

प्रिय ठकू,

तुझा जुना कॉम्प्युटर अजून चालतो, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. गेल्या महिन्यात तू दोन दिवस आलीस तेव्हा घर माणसांनी भरलेलं. आपल्याला धड बोलायलाही मिळालं नाही.

अण्णा जिन्यावरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं, एवढं तुला मावशीकडून कळलं होतं. पुढचं कळलं नसेल. चाळीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर चढून टाक्या आणि नळ दुरुस्त केलेला माणूस, त्याच्या वाट्याला आली समोरच्या इमारतीची भिंत दाखवणारी एक खिडकी. दिवसभर चिडचिड. चहा गार, उशी उंच, मी हळू. एकदा वैतागून मी तुझा कॉम्प्युटर त्यांच्या पलंगाजवळ ओढून आणला, म्हटलं, पत्ते तरी खेळा. तर त्यात तुझा तो आकाश दाखवणारा प्रोग्राम निघाला. शाळेत असताना त्याच्यापायी किती बोलणी खाल्लीस तू!

"भर दुपारी कसले तारे?" म्हणून अण्णांनी तोंड फिरवलं. मी एक बटण दाबलं, पडद्यावरचा दिवसाचा उजेड गेला आणि सूर्याच्या अगदी शेजारीसुद्धा तारे दिसायला लागले. त्यांनी तोंड परत इकडे वळवलं. दुसऱ्या दिवशी माउस स्वतःच्या हातात घेतला. आकाशगंगा बघून म्हणाले, "एवढी मोठी गळती, आणि कुणी बघायलासुद्धा आलं नाही!" कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो. मग पडद्यावरची जमीन काढून टाकून पायाखालचे तारे बघायलाही शिकले. दवाखान्यातली माझी नर्सची पाळी संपवून मी चारला घरी यायचे, तोवर त्यांनी काहीतरी नवीन शोधून ठेवलेलं असायचं.

एक दिवस विचारलं, "यात गाव बदलता येतं का?" कुठलं हवं म्हटलं, तर भिंतीकडे बघत त्यांनी तुझ्या शहराचं नाव घेतलं. तू लग्न करून निघून गेलीस त्याला सहा वर्षं झाली. या घरात तुझा विषय निघत नव्हता, तो तेव्हाही निघाला नाही. निघालं ते फक्त शहर. मी टाइप करून दिलं. इथे लख्ख ऊन, तिथे रात्र. त्यानंतर रोज तेच. "ढग नसतील तर दिसत असेल हे." "जेवण झालं असेल आता." कुणाचं, ते कधी म्हणाले नाहीत. मी शेजारी बसून त्यांचे पाय चोळत सगळं ऐकायचे. खरं सांगू? आतून जळायचे मी. त्यांची चादर बदलायची मी, नखं कापायची मी, आणि ते बघत बसायचे तुझ्या घरावरचं आकाश.

आता जे सांगायला बसलेय ते सांगते. शेवटच्या आठवड्यात त्यांचा श्वास बदलला. माझं कामच ते, मला लगेच कळलं. सोमवारी स्पष्ट म्हणाले, "ठकूला बोलाव." मी फोन घेऊन गॅलरीत गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि आत येऊन म्हणाले, "लागत नाही." मंगळवारी त्यांनी विचारलं, तेच सांगितलं. बुधवारीही तेच. ठकू, मी तुझा नंबर लावलाच नव्हता. सहा वर्षं मी काढायची आणि शेवटच्या दिवशी तू येऊन त्यांच्या कुशीत शिरायचं, हे मला सोसवेना. गुरुवारी ते गेले. तू निघताना दारात विचारलंस, "माझ्यावर रागावूनच गेले का गं?" मी तुझी बॅग उचलली आणि खाली जाऊन गाडीत ठेवली. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हे पत्र लिहितेय. नाही गं. रागावले नव्हते. तीन दिवस तुझी वाट बघत होते. माझ्याशी हवं तर बोलू नकोस, पण हे तुझं होतं, मी दाबून ठेवलं होतं.

तू अजून म्हणत असशील तर तुझीच,
ताई