आये, भोंग्या मी दिला नाही

प्रिय आये,

आज गॅरेजवर बोटीवर नोकरी करणारा एक मुलगा भोंग्याला मागायला आला, म्हणून तुला लिहायला बसलोय. त्याची रजा संपत आलीय, आई घरी एकटी. भोंग्या त्याच्यावर भुंकला तसा तो खूशच झाला. "शेठ, आवाज काय आहे! असाच कुत्रा पाहिजे आईला." मला माझंच बोलणं ऐकल्यासारखं झालं.

सावर्ड्याच्या बाजारात मीही असाच बोललो ना? टोपलीत तीन पिल्लं. एक, हाच भोंग्या, सारखं केकाटत होतं. दुसरं मुकाट तुझ्या लुगड्याचा काठ ओढत होतं. तू म्हणालीस, "बाबू, ह्याच घेवया." मी म्हटलं, "आये, मुका कुत्रा राखण काय करणार? चोराचे पाय चाटेल!" पिल्लंवाला हसला. तूही हसलीस, पण जरा उशिरा.

लॉरीवर क्लीनर होतो तेव्हापासून कानांवर पोट भरलंय मी. गाडी दारात येण्याआधी तिचा बिघाड सांगतो. आणि तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचीस, तर मला वाटायचं, लेक आला म्हणून डोळे भरून बघतेय! कसला शहाणा मी!

एसटीच्या कंडक्टरने रत्नागिरीला निरोप आणला. देवरूख सोडून वर घरी पोचलो, तोवर तुला पडवीत ठेवलेलं. भोंग्या लाकडांच्या ढिगाकडे तोंड करून अजून भुंकत होता. आवाज फुटत नव्हता, नुसता जबडा उघडत होता.

फुरसं त्या ढिगात होतं, तेच तुला डसलं. शेजारच्या काकीने तेराव्याला सांगितलं, "तो कवाधरना वरडत व्हता रे. मी माझ्या खळ्यातना आयकला. तुझी आवस पाठमोरी लाकडा काढीत व्हती. तिला आयकू येत नव्हता, दोन वर्सा झाली. बाबूला सांगशील तर माजा मेलेला तोंड बघशील, म्हनाली."

का गो आये? मी तुला रत्नागिरीला नेईन, घराला कुलूप लागेल, म्हणूनच ना? नेलंच असतं! पण कुत्रा घेताना तरी बोलायचंस. 'मला भुंकणारा नको, येऊन ओढणारा हवा,' एवढंच! तुझा हट्ट आणि माझी हुशारी, दोघांनी मिळून तुला नेलं.

भोंग्याचा काय दोष? त्याने त्याचं काम चोख केलं. चुकीच्या घरात केलं.

त्या मुलाला मी विचारलं, "तुझ्या आईला नीट ऐकू येतं?"

तो तडकला. "म्हणजे? ठणठणीत आहे माझी आई!"

"पाठीमागून हाक मारून बघितलीस कधी?"

तो हळूच म्हणाला, "मागच्या खेपेला रेडिओ आणला होता तिला. तिने मावशीला देऊन टाकला. म्हणाली, कटकट होते."

मी भोंग्या दिला नाही.

रविवारी त्याच्याबरोबर त्याच्या घरी चाललोय. ती माउली विहिरीवर असो की चुलीपाशी, आधी तिच्या पाठी उभा राहून हाक मारीन. वळली नाही, तर तिचा लेक बोटीवर चढायच्या आत तिला साजेसं जनावर मी स्वतः शोधून देईन. आणि त्याला बजावीन, तिला घर सोडायची भीती घालू नकोस, नाहीतर ती तुला काहीच सांगणार नाही. हा शब्द, आये.

तुझा
बाबू